ट्रेनिंगचा हॉल राहू द्या, आप्पांना आणायला गाडी पाठवा : एक खुलं पत्र

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची ट्रेनिंग ठरवणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या एका छोट्या कंपनीची संचालक आहे. कंपनी म्हणजे काय तर सव्वातीनशे सभासद, भाड्याचं गोडाऊन, एक वजनकाटा आणि एक कॉम्प्युटर जो द्राक्षाच्या सीझनमध्ये हमखास बंद पडतो. तुम्हाला पत्र लिहायचं गेले दोन वर्षं डोक्यात होतं पण छाटणी, कांदा, पोरांच्या परीक्षा यात राहून जात होतं, आता पुन्हा एका ट्रेनिंगचा मेसेज ग्रुपवर आलाय, "लीडरशिप अँड एथिक्स, दोन दिवस, राहण्याजेवणाची सोय", तेव्हा म्हणलं आता लिहूनच टाकू.

दोन वर्षांपूर्वी मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात आमचं असंच ट्रेनिंग झालं होतं. कोणी घेतलं ते लिहीत नाही, माझी तक्रार त्या माणसांबद्दल नाहीये. पहिला दिवस कंपनी कायद्याचा, तो खरंच कामाचा होता, दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर, म्हणजे पनीर आणि गुलाबजाम पोटात गेल्यावर, नैतिक नेतृत्व. स्क्रीनवर बर्फाचा डोंगर आणि त्यावर सात शब्द, सचोटी, पारदर्शकता, उत्तरदायित्व वगैरे. सर चांगले होते, खोटं कशाला बोलू, मधेमधे हसवतही होते. शेवटी विचारलं, कोणाकोणाला प्रामाणिक लीडर व्हायचंय, हात वर करा. सगळ्यांनी केले, मागच्या टेबलावरच्या एकानं तर दोन्ही केले. मग ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, बाय बाय.

संध्याकाळी एसटीनं परत येताना द्वारका चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग, एसटी हलेना, आणि तेवढ्यात फोन आला. एक कांदा व्यापारी, ओळखीचा, लग्नकार्यात भेटणारा माणूस. म्हणाला ताई, सरकारच्या बफर स्टॉकची, म्हणजे सरकार साठवून ठेवतं त्या कांद्याची, खरेदी सुरू होतेय, तुमच्या कंपनीला काम मिळतंय असं कानावर आलंय, तुम्ही फक्त सभासदांचे सातबारे, आधार, पासबुकांच्या झेरॉक्स द्यायच्या, कांदा आम्ही लावतो, किलोमागे एक रुपया कंपनीला. तीनशे टन धरा. म्हणजे कांदा त्याचा, नावं आमच्या सभासदांची. हिशेब मला लगेच झाला, तीन लाख. आमच्या खात्यात त्या दिवशी एक्केचाळीस हजार होते आणि गोडाऊनचं भाडं दोन महिन्यांचं थकलेलं.

मी ते सर्टिफिकेट मांडीवर धरून बसलेली होते आणि त्या सात शब्दांपैकी एक जरी तेव्हा आठवला असेल तर शपथ. मी त्याला म्हणलं, कळवते. नाही म्हणाले नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण असल्या गोष्टी सांगताना लोक आपण लगेच कसं बाणेदार उत्तर दिलं ते सांगतात, मी नाही दिलं. मी कळवते म्हणलं आणि आप्पांना फोन लावला.

आता आप्पा कोण ते सांगते, पत्राचा मुद्दा तोच आहे.

आप्पा आमच्या गावचे, वय सत्याहत्तर. कालव्याच्या आमच्या चारीवर, म्हणजे शेतांकडं येणाऱ्या छोट्या पाटावर, शेतकऱ्यांची जी पाणी वापर संस्था आहे तिच्यात वीसेक वर्षं होते, मधली काही वर्षं चेअरमन. माझे नात्यानं कोणी नाहीत, मी गावची सून म्हणून मला सूनबाई म्हणतात, माझं खरं नाव त्यांना माहीत आहे का याची मला अजून शंका आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या मुलानं त्यांची लुना काढून घेतली, आणि मी तेव्हा कंपनीच्या कामाला पिंपळगावला, कधी निफाडला ॲक्टिवावर जायचे, तर एक दिवस फाट्यावर त्यांनी हात केला. मग ते रोजचंच झालं. त्यांना बँकेत, कृषी ऑफिसला, दवाखान्यात, कोणाच्या तरी भांडणात मध्यस्थी करायला जायचं असायचं आणि मी त्यांची ड्रायव्हर. सुरुवातीला गाव हसलं, चांगलंच हसलं, ते असो. तीन वर्षं ते मागं बसून बोलायचे, निम्मं वाऱ्यात ऐकू यायचं नाही, आणि जिथं जातील तिथं मीही जाऊन खुर्चीवर बसायचे कारण बाहेर उन्हात उभं राहून काय करणार. ते कोणाला काय बोलतात, कुठं गप्प बसतात, कोणाचा चहा पितात आणि कोणाचा पीत नाहीत, हे बघत बसायचे. तुमच्या भाषेत हे मेंटॉर झाले. मी हा शब्द आप्पांना सांगितला तर म्हणाले, कशावरचं औषध आहे ते?

आप्पांची संस्था कशी सुरू झाली तर ओझरचं बघून. ओझर वाघाड धरणाच्या कालव्याच्या अगदी शेपटाला, तिथं पाणी पोचायचंच नाही. १९९० च्या आसपास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राकडून तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं आणि पट्टीचे पैसे वेळेवर भरायचे. पुढे अख्ख्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला आणि २००५ ला राज्यानं सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच केला, त्यात संचालक मंडळावर हेडचे, मिडलचे आणि टेलचे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे, असे तिन्ही भागांतले लोक घ्यावे लागतात. हे तुम्हाला माहीत असेल, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ओझरच्या ट्रिपा काढल्यात. पण मला ते माहिती म्हणून नाही कळलं. माझं माहेर सिन्नरच्या दुष्काळी पट्ट्यातलं, आमच्याकडं टेल काय आणि हेड काय, पाटच नव्हता. इथं आले तर आप्पांचं शेत चारीच्या पहिल्या दाराला लागून, म्हणजे हेडला, आणि आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी आलं, की यांची ज्वारी सगळ्यात शेवटी भिजायची. मी एकदा विचारलं, आप्पा तुमच्या बांधावरून पाणी जातंय आणि तुम्ही बसून राहता? म्हणाले, टेलचा माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन वर बघायला येतो की मधी कोणी दार उचललंय का, त्याला माझं दार बंद दिसलं की तो खाली जाऊन झोपतो, आणि तो झोपला की मग पाटकऱ्याला पण झोप लागते. बास, एवढंच. त्यागबिग असला कसला शब्द नाही.

त्या संस्थेतून आप्पांनी एक सवय आणली, ती त्यांनी माझ्या इतकी डोक्यात बसवलीय की आता जाणार नाही. ती म्हणजे प्रोसिडिंग बुक, सभेत काय ठरलं ते लिहायची वही. कुठलीही अडचण घेऊन गेलं की ते हे बरोबर ते चूक असं कधी सांगत नाहीत, फार वैताग येतो त्याचा, फक्त म्हणतात, तुला जे करायचं ते कर सूनबाई, फक्त जसं केलं तसं प्रोसिडिंगला लिही. तसंच. शब्द न फिरवता.

पहिल्यांदा याचा चटका मला द्राक्षात बसला. त्या वर्षी फेब्रुवारीत अवकाळी आला, मणी तडकायची भीती, भुरी-डाऊनीची भीती, आणि माझ्या दिरानं घाबरून एक बुरशीनाशक मारलं ज्याचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि काढणी यात ठेवायचं अंतर, महिन्याच्या वरचा आणि त्याची काढणी बारा दिवसांवर. प्लॉट एक्स्पोर्टला धरलेला. आमची कंपनी माल पुढं द्यायच्या आधी स्वतःचं सॅम्पल औषधाचा अंश तपासायला लॅबला पाठवते, ते काढायचं काम माझं. भाऊजी म्हणाले वहिनी, बांधाकडच्या दोन ओळी राहिल्यात मारायच्या, ट्रॅक्टर वळत नव्हता, सॅम्पल तिथून घे ना. खरं सांगते, मला ते फार वाईट वाटलं नाही. घरचा माणूस, कर्ज डोक्यावर, आणि दोन ओळी त्याच प्लॉटच्या आहेत की, खोटं कुठं आहे?

ज्यांना द्राक्षातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१० च्या सीझनला युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, वाढ थांबवायला मारतो ते, मर्यादेपेक्षा जास्त निघालं. कंटेनर अडकले, भाव पडले, आणि ज्यांनी ते मारलंच नव्हतं त्यांचाही माल त्यात भरडला. आमच्या भागात अजून लोक "सीसीसीचं वर्ष" म्हणतात, आमच्या पाहुण्यांमधल्या एकानं त्यानंतर बाग काढून टाकली. म्हणजे एका प्लॉटचं सॅम्पल ही एका माणसाची गोष्ट नसतेच, हे मला माहीत होतं, पाठ होतं. तरी मी कैची घेऊन त्या दोन ओळींत गेले होते.

मग आप्पांचं आठवून मी वही उघडली, खरंच उघडली, आणि लिहायला बसले. "अमुक प्लॉटचे सॅम्पल फवारणी न झालेल्या दोन ओळींमधून घेण्यात आले." पुढे लिहवेना. सव्वातीनशे लोकांपैकी कोणीही ती वही मागू शकतो.

सॅम्पल मधल्या ओळींतून घेतलं, फेल गेलं, प्लॉट एक्स्पोर्टमधून गेला, भाऊजींनी लोकल व्यापाऱ्याला दिला आणि चांगलाच मार खाल्ला. माझ्या जावेनं माझ्याशी बोलणं टाकलं ते जवळजवळ दीड वर्ष. आता बोलते पण हळदीकुंकवाला अजून बोलवत नाही. आप्पांना हे सांगितलं तर मला वाटलं शाबासकी देतील, तर म्हणाले, दिराच्या बागेत फवारणीचं शेड्यूल लिहिलेला बोर्ड होता का? मी म्हणलं नव्हता. मग तुझी पण चूक आहे, म्हणाले, पाऊस पडला त्या दिवशी कंपनीनं प्रत्येकाला फोन करायला पाहिजे होता काय मारायचं काय नाही. आता पाऊस पडला की आम्ही दोन तासांत ग्रुपवर टाकतो आणि ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना फोन करतो. पण तेव्हा मला आप्पांचा इतका राग आला होता की घरी सोडताना मी खड्डे चुकवले नाहीत.

आप्पा म्हणजे काही देव नाहीत, ते पण सांगते, नाहीतर हे आरतीचं पत्र होईल. कंपनी झाली तेव्हा मी संचालक झाले ती कागदावर, बोर्डात बाई पाहिजे म्हणून. मीटिंगला आमचे हे जायचे, सही करायला रजिस्टर घरी यायचं, मी पोळ्या लाटता लाटता हात पुसून सही करायचे. नंतर मी स्वतः जायला लागले, त्याची पण एक वेगळी कथा आहे. पण दुसऱ्या ज्या ताई संचालक होत्या त्यांचे मिस्टरच यायचे. आप्पा आमच्या मीटिंगला वडीलधारे म्हणून बसायचे, मताचा अधिकार नाही, नुसतं बसायचे, कंपनीत त्यांचा शेअरही नाही. मी म्हणलं आप्पा हे बरं नाही दिसत. तर ते काय म्हणाले, चालतंय की, घरातलाच माणूस आहे, बाईला कुठं सांजच्याला बाहेर काढता.

मला ते लागलं. परत येताना गाडीवर मी विचारलं, आप्पा, प्रोसिडिंगला काय लिहू, ताई हजर, की ताईंचे मिस्टर हजर?

मागून आवाज आला नाही. फाट्यावर म्हणाले, इथंच थांबव. उतरून चालत गेले, अर्धा किलोमीटर तरी होतं, गुडघे दुखत असताना. आठ दिवस फोन नाही, मी केला तर सून सांगायची झोपलेत. मला वाटलं संपलं, सत्तरी पार केलेल्या माणसाला त्याचंच वाक्य परत ऐकवायला नको होतं. पुढच्या मीटिंगला आले, कोणाकडून तरी लिफ्ट घेऊन, आणि त्या ताईंच्या मिस्टरांना म्हणाले, भाऊ तुम्ही बाहेर चहा घ्या, ताईंना घेऊन या, तोवर आम्ही थांबतो. थांबलो पाऊण तास. ताई आल्या. मग आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले की मी चुकीचं बोललो होतो, आणि आमच्या पाण्याच्या संस्थेत पण मी इतकी वर्षं हेच चालवलं, तिथल्या वहीत ज्या बायका हजर लिहिल्यात त्या हजर नव्हत्या. हे त्यांनी आमच्या प्रोसिडिंगला लिहून घ्यायला लावलं. त्याचा आमच्या कंपनीशी काय संबंध म्हणून आमचे चेअरमन कुरकुरले, तरी लिहिलं.

त्या मीटिंगमध्ये मला जे कळलं ते अजून कुठल्या स्लाइडवर बघितलं नाहीये. माणूस चुकल्यावर कसा दिसतो, कुठं बघतो, आवाज कसा काढतो, किती दिवस घेतो. आठ दिवस घेतले. मला तेवढं माहीत असल्यामुळं आता माझं चुकलं की मी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहायचा हट्ट नाही करत, पण आठ दिवसांच्या आत उभी राहते.

इथं थोडं बाजूला जाते, पण नाशिकबद्दल लिहायचं आणि दादासाहेब गायकवाडांचं नाव नाही काढायचं हे मला जमणार नाही. दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव त्यांचं, आमच्यापासून शेजारी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकर होतेच पण त्यांना गोलमेज परिषदेला लंडनला जावं लागायचं, इथं नाशकात दगड आणि लाठ्या खाऊन चार-पाच वर्षं तो चालवला तो दादासाहेबांनी आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी. या दोघांमधलं शिकणं-शिकवणं बरंचसं पत्रांतून चाललं, बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं छापलेली आहेत. त्यातलं १९३४ चं एक मला सारखं आठवतं. त्यात बाबासाहेब सांगतात की सत्याग्रह आता थांबवावा. का, तर मंदिरात जाऊन मूर्तीची पूजा करायला मिळावी म्हणून तो मुळात नव्हताच, आपल्या लोकांमध्ये जोम यावा आणि आपली परिस्थिती त्यांना कळावी म्हणून होता, आता ताकद शिक्षणाकडं आणि राजकारणाकडं लावावी. ज्या माणसानं चार वर्षं त्यात आयुष्य घातलं त्याला थांब म्हणून सांगायचं ही काय सोपी गोष्ट आहे का, आणि सांगताना हुकूम नाही सोडला, कारण लिहिलं, सगळं कारण. दादासाहेब पुढे १९५७ ला लोकसभेत गेले, भूमिहीनांचा लढा लढले, नुसते कोणाच्या मागं उभे राहणारे नव्हते ते. मला यातून आपल्या कामापुरतं एवढंच घ्यायचंय की रोज शेजारी बसायलाच पाहिजे असं नाही, पण वरच्यानं खालच्याला "का" सांगितलंच पाहिजे, आणि जमलं तर लिहून.

बरं, कांद्याचं राहिलं.

मी एसटीतून फोन केला तर आप्पा म्हणाले फोनवर नको, सकाळी ये. सकाळी गेले तर चप्पल घालून तयार, म्हणाले चल, चाळी बघू. मला कळेना. त्या दिवशी आम्ही अकरा सभासदांच्या कांदा चाळी फिरलो, आप्पा प्रत्येक चाळीत खालून हात घालून कांदा काढायचे, दाबायचे, वास घ्यायचे, आणि मला लिहायला लावायचे, किती ट्रॉली भरली होती, किती सडला, गोलटी म्हणजे बारका कांदा किती, विकायला किती राहिलाय. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये भरला की गणपतीपर्यंत वजनात आणि सडीत मिळून चांगलाच हिस्सा जातो हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर कोणी लिहीत नाही कारण बघवत नाही. एका चाळीत एक म्हातारी होती, तिनं आम्हाला बघून विचारलं, खरेदी सुरू झाली का रे? आप्पा म्हणाले, होतेय.

पुढचे दोन दिवस मी एकटी फिरले. सगळे मिळून खरेदीच्या साइजचा, विकायला असलेला आमच्या सभासदांचा कांदा भरला नव्वद टनांच्या आसपास. आप्पांनी व्यापाऱ्याचं नावही काढलं नव्हतं तोपर्यंत. मग म्हणाले, तीनशे टनाचा आकडा प्रोसिडिंगला लिहिला तर नव्वदच्या पुढचा कांदा कोणाच्या चाळीतला लिहिशील? आणि तो आला तर या म्हातारीचा कधी घेतील? मी त्या व्यापाऱ्याला फोन करून नाही सांगितलं, हात थरथरत होता कारण तो आमच्या यांच्या मित्राचा भाऊ. नव्वद टनांचंच पत्र दिलं. त्यातलाही सगळा गेला नाही, बराच नाकारला गेला, पैसे उशिरा आले. गोडाऊनचं भाडं आम्ही सात संचालकांनी खिशातून भरलं, त्यावरून एकानं राजीनामा दिला, आणि व्यापाऱ्याचं काम दुसरीकडं झालं असं ऐकलं. म्हणजे असं समजू नका की प्रामाणिकपणाचं फळ गोड निघालं. त्या वर्षी तरी नाही निघालं.

आता तुमच्याशी बोलते.

१० हजार एफपीओची, म्हणजे आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक संघटनांची, योजना २०२० ला आली. कंपनीला चालवायला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत, सभासदामागे दोन हजारांपर्यंत मॅचिंग इक्विटी, म्हणजे सभासदानं शेअरला भरले तेवढेच सरकारकडून, जास्तीत जास्त १५ लाख, आणि पाच वर्षं हात धरायला सीबीबीओ, म्हणजे कंपन्या उभ्या करायला नेमलेल्या संस्था. वाईट काहीच नाही, आमच्यासारख्यांना त्याचा आधारच आहे. सीबीबीओची पोरं कष्टाळू असतात, ऑडिट, फायलिंग, लायसन्स सगळं पळापळी करून करतात, पण ती सहा-आठ महिन्यांत बदलतात आणि त्यांच्या एक्सेल शीटमध्ये "आज कोणाला नाही म्हणायचंय" असा कॉलम नसतो. कायद्यात एक सभासद एक मत आहे, पाच ते पंधरा संचालक आहेत, सभा कधी घ्यायची ते आहे, सगळं आहे. तरी कंपन्या बंद पडतात त्या मला दिसतात तशा बहुतेक कायदा न कळल्यामुळं पडत नाहीत. पहिल्या मोठ्या मोहाच्या दिवशी संचालकाच्या शेजारी कोणी नव्हतं म्हणून पडतात. तो दिवस सर्टिफिकेटवरच्या तारखेला येत नाही ना ओ, तो द्वारकाला ट्राफिकमध्ये येतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की त्या दोन दिवसांच्या हॉटेलचा खर्च एकदा बाजूला काढा आणि प्रत्येक नव्या संचालकाला एक जुना माणूस किंवा बाई जोडून द्या, वर्षभर, दोन सीझन निघतील असं. पाणी वापर संस्थांमध्ये, दूध सोसायट्यांमध्ये, बचत गटांच्या फेडरेशनमध्ये असे लोक आहेत, निवृत्त झालेत, घरी बसून सुनांना त्रास देतायत, त्यांना काम द्या. आमच्याकडं बचत गट पंधरा-पंधरा वर्षं एक रुपयाचा घोटाळा न होता चालवलेल्या बायका आहेत, सही करताना पेन घट्ट धरतात पण हिशेबाला कोणाला ऐकत नाहीत, त्या कोणाला दिसत कशा नाहीत?

फक्त निवडताना बघा. ज्याचा त्या कंपनीत शेअर आहे, माल आहे, भाचा आहे, तो नको, आप्पांचं मला जे पटलं त्यातलं निम्मं त्यांना त्यातून काही मिळणार नव्हतं म्हणून पटलं. ज्यानं कधी खुर्ची सोडलीच नाही तो पण नको, सोडायची कशी हे तो काय शिकवणार. आणि ज्याचं कधीच काही चुकलं नाही असं सगळं गाव सांगतं, त्याच्याबद्दल जरा चौकशी करा, मला तर वहीत स्वतःची चूक लिहिलेली असलेला माणूस चालेल. बाईला शक्यतो बाई द्या, माझं नशीब की आप्पा भेटले, सगळ्यांना ॲक्टिवावर परपुरुषाला बसवणं परवडत नाही, आणि मला सुद्धा ते परवडेपर्यंत बरंच ऐकावं लागलं.

आणि हात जोडून एक विनंती, याची योजना करू नका. म्हणजे करा, पण फॉर्म, जिओटॅग फोटो, दर महिन्याला "आज काय शिकलात" असला तक्ता, हे नका लावू. पहिल्या वर्षात मी आप्पांकडून काय शिकले असं कोणी विचारलं असतं तर मी लिहिलं असतं की त्यांना गुळाचा चहा लागतो. तुम्हाला काय तपासायचंच असेल तर येऊन प्रोसिडिंग बुक वाचा, आमच्याकडं ते सभासदांना नेहमी उघडं असतं, त्यात खाडाखोड पण आहे.

आप्पांना मी हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाले त्या दोन्ही हात वर करणाऱ्या माणसाचं काढून टाक, तो वाचेल. मी नाही काढलं. पुढच्या ट्रेनिंगला ते यायला तयार आहेत, बोलायला नाही, बसायला, कोणाला काही विचारायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत विचारा म्हणतात. गाडी पाठवा, गुडघ्यांमुळं पुढच्या सीटवर बसवा, आणि कृपा करून शाल-श्रीफळ देऊ नका, मागच्या वेळच्या तीन शाली मीच घरी वाहून आणल्यात.

सोमवार ते शनिवार सकाळी मी मार्केटला असते, दुपारी तीननंतर कंपनीच्या ऑफिसला भेटेन.

आपली,
निफाड तालुक्यातल्या एका कंपनीची संचालक, आणि आप्पांची ड्रायव्हर